हँडब्रेक लावलेला, गाडी धावती

एक कोडं घ्या. गाडी दाराशी उभी करून तुम्ही महिनाभर गावाला गेलात. हँडब्रेक लावलेला. ब्रेकचे शू मागच्या चाकांच्या ड्रमला आतून घट्ट दाबून बसलेले, रात्रंदिवस, क्षणभरही ढील न देता. परत येऊन ड्रमला हात लावा. थंडगार! आता तोच हँडब्रेक अर्धवट लागलेला राहिला आणि तुम्ही गाडी दहा मिनिटं पळवलीत. जोर आधीपेक्षा कमी, वेळ तर कितीतरी कमी. तरी मागून जळका वास येतो, चाकापाशी धुराची रेघ दिसते आणि ड्रमवर पडलेला पाण्याचा थेंब चर्र करून उडून जातो. शू तेच, ड्रम तोच, केबलही तीच. मग ही धग आली कुठून?

उत्तर एका साध्या हिशेबात आहे. ऊर्जा खर्ची पडायची तर दोन गोष्टी लागतात, जोर आणि सरकणं. जोर कितीही लावा, काही सरकलंच नाही तर खर्च शून्य. उभ्या गाडीत शू ड्रमला हवा तेवढा दाबेना का, ड्रम फिरतच नाही. जोर गुणिले शून्य, उत्तर शून्य. म्हणून उभ्या गाडीचा हँडब्रेक वर्षभर फुकट राबतो. इंधन लागत नाही, उष्णता होत नाही. गाडी हलली की त्या गुणाकारातलं शून्य जातं. आणि मग जे उत्तर येतं ते पाहून डोळे विस्फारतात.

मांडू या तो गुणाकार. हँडब्रेक एक-दोन खटक्यांवर अडकलाय आणि गाडीला तीस किलो वजनाइतक्या जोराने मागे खेचतोय, असं धरू. म्हणजे सुमारे ३०० न्यूटन. गाडीचा वेग ताशी ६० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर. दोन्ही आकडे गुणा : पाच हजार वॅट! मागच्या दोन चाकांत वाटले तर प्रत्येकी अडीच हजार. स्वयंपाकघरातली इंडक्शन शेगडी सगळ्यात मोठ्या आचेवर साधारण दोन हजार वॅट घेते. म्हणजे गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकात एक शेगडी पूर्ण आचेवर पेटलीय, वर भांडं नाही, आणि पुढे बसून तुम्ही निवांत गाणी ऐकताय.

दहा मिनिटांत दहा किलोमीटर झाले, तेवढ्यात तीस लाख जूल उष्णता तयार झाली. दोन्ही ड्रम मिळून दहा किलो बीड धरलं आणि सगळी उष्णता त्यातच कोंडली असं मानलं, तर तापमान सहाशे अंशांहून अधिक चढेल. प्रत्यक्षात चाकाभोवतीचा वारा बरीच उष्णता पळवतो, म्हणून इतकं चढत नाही. पण दोनशे-तीनशे अंश गाठायला अडचण नसते. याचं बिल कोण भरतं? तुमची टाकी. पेट्रोलमधल्या ऊर्जेचा जेमतेम चौथा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असं धरलं, तर या दहा किलोमीटरांत लिटरचा एक तृतीयांश भाग निव्वळ ड्रम तापवण्यात गेला.

आता दुसरा प्रश्न. एवढी भानगड चाललेली असताना ड्रायव्हरला कळत कसं नाही? हँडब्रेक इतका लेचापेचा असतो का?

मुळीच नाही. मोटारींच्या ब्रेकसाठीचा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो, की पूर्ण भरलेली गाडी वीस टक्के चढावर, म्हणजे पाच मीटरला एक मीटर चढणाऱ्या रस्त्यावर, हँडब्रेकने धरून ठेवली पाहिजे. आणि त्यासाठी हाताला चाळीस किलोहून जास्त जोर लावावा लागता कामा नये. बाराशे किलोच्या गाडीला अशा उतारावर धरायचं तर सुमारे २४० किलोचा जोर हवा. चाळीसाचे २४० होतात कसे? आधी तो दांडा तरफेचं काम करतो. मग ड्रमच्या आत आणखी एक तरफ असते. आणि त्यानंतर येते खरी गंमत. दोन शूंपैकी एक असा बसवलेला असतो, की फिरणारा ड्रमच त्याला ओढून आणखी घट्ट स्वतःवर दाबून घेतो. गाडी जेवढी निसटायला बघते, तेवढा हा शू जास्त रुततो. गाडीचीच ताकद गाडीला धरायला वापरायची, ही युक्ती सुचली त्याला सलाम!

पण समोरचा गडीही तालेवार आहे. छोट्या गाडीचं इंजिन शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास पीळ देतं. पहिल्या गिअरमध्ये गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल मिळून तो सुमारे चौदा पट करतात. चाकाच्या घेरापाशी तो पाचशे किलोच्या आसपासचा जोर होतो. म्हणजे पूर्ण लावलेल्या हँडब्रेकलाही इंजिन ओढून नेऊ शकतं. मग एक-दोन खटक्यांवर राहिलेल्या ब्रेकची काय कथा? गाडी फक्त जरा जड वाटते. चढ असेल, एसी चालू असेल, गाडीत पाचजण असतील, अशी कारणं मनाला पटतात आणि पाय ॲक्सिलरेटरवर थोडा जास्त दाबला जातो.

गतीतून उष्णता निघते, हे आज शाळेत शिकवतात. पण ते पटवून द्यायला माणसाला तोफ भोसकावी लागली होती! बेंजामिन थॉम्प्सन ऊर्फ काउंट रम्फर्ड हा मूळचा अमेरिकेतला माणूस बव्हेरियाच्या राजदरबारी चाकरीला होता. म्युनिकच्या शस्त्रागारात पितळी तोफांची नळी कोरताना धातू भयंकर तापतो, हे त्याने पाहिलं. त्या काळी बहुतेक शास्त्रज्ञ उष्णतेला एक अदृश्य द्रव मानत आणि तो द्रव वस्तूत मुरलेला असतो असं समजत. रम्फर्डने मुद्दाम बोथट हत्यार घेतलं, तोफेभोवती पाण्याची पेटी बसवली आणि घोड्यांकडून यंत्र फिरवत ठेवलं. अडीच तासांनी पाणी खळखळा उकळलं. जाळ नाही, कोळसा नाही. बघ्यांची तोंडं कशी झाली होती, याची नोंद त्याने स्वतः केली आहे. घोडे थकेपर्यंत उष्णता निघतच राहते, तर तो द्रव संपत कसा नाही? म्हणजे द्रव वगैरे काही नाही, उष्णता गतीतूनच येते. १७९८ मध्ये त्याने हे जाहीर केलं. पुढे १८४० च्या दशकात मँचेस्टरच्या जेम्स जूलने किती कामातून किती उष्णता, याचा पक्का भाव ठरवला. वर मोजलेले तीस लाख त्याच्याच नावाचे. रम्फर्डच्या यंत्राला दोन घोडे जुंपलेले असत. आपल्या विसरलेल्या हँडब्रेकचे पाच हजार वॅट म्हणजे जवळजवळ सात अश्वशक्ती.

पण नेमकी कुठे जन्मते ही उष्णता? शू आणि ड्रम सपाट दिसतात, एकमेकांवर पूर्ण टेकलेले वाटतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्ही पृष्ठभाग डोंगर-दऱ्यांनी भरलेले दिसतात. खरा स्पर्श होतो तो फक्त काही शिखरांचा. केंब्रिजमध्ये फिलिप बाउडन आणि डेव्हिड टेबर यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवून दिलं, की हा खरा स्पर्श डोळ्यांना दिसणाऱ्या क्षेत्रफळाचा अगदी नगण्य भाग असतो. सगळा भार त्या मूठभर टोकांवर. घासताना ही टोकं निमिषमात्र शेकडो अंशांनी तापतात, तुटतात, नवी टोकं पुढे येतात. ड्रम अजून कोमट असतानाच त्याच्या आतल्या कातडीवर अशा लाखो ठिणग्या पेटत-विझत असतात.

या छळाला तोंड देतो तो शूवरचा लायनर. त्याचं मूळही मजेदार आहे. १८८८ च्या ऑगस्टमध्ये बर्था बेंझ नवऱ्याने बनवलेली मोटार घेऊन मुलांसह मॅनहाइमहून फॉर्त्सहाइमला निघाल्या. मोटारीतला हा पहिला लांबचा प्रवास. वाटेत लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा त्यांनी एका चांभाराकडून त्यांवर कातडं ठोकून घेतलं. झिजेल ते कातडं झिजू दे, ते बदलता येतं! पुढे इंग्लंडमध्ये हर्बर्ट फ्रूडने १८९७ पासून ब्रेकच्या अस्तरांचा धंदाच उभा केला. नंतर अस्बेस्टॉसचा जमाना आला आणि त्याची धूळ फुप्फुसाला घातक ठरल्यामुळे बऱ्याच ठिकाणी तो गेलाही. आजच्या लायनरमध्ये तऱ्हेतऱ्हेचे तंतू, धातूची भुकटी, ग्राफाइट अशी खिचडी असते आणि ती बांधून ठेवतं फिनॉलिक रेझिन, म्हणजे बेकेलाइटच्या कुळातलं प्लॅस्टिक.

तो जळका वास याच रेझिनचा. तीनशे अंशांच्या पुढे ते विघटित होऊ लागतं आणि वायू सोडतं. हा वायू शू आणि ड्रमच्या मधे शिरतो, पकड सुटते. खूप तापलेला लायनर थंड झाल्यावरही वरून काचेसारखा गुळगुळीत, कडक होऊन बसतो. वरवर शाबूत दिसतो, पण पूर्वीसारखा धरत नाही. गॅरेजवाला ‘लायनर जळाले’ म्हणतो, तेव्हा राख झालेली नसते. त्यांचा खरखरीतपणा गेलेला असतो.

आणखी एक नवल पाहा. बीड तापलं की फुगतं. दोनशे मिलिमीटर व्यासाचा ड्रम तीनशे अंशांनी तापला, तर त्याचा व्यास सुमारे दोन तृतीयांश मिलिमीटरने वाढतो. एवढंच? पण ब्रेक सोडल्यावर शू आणि ड्रममधे जी फट असते, ती याहूनही कमी असते! म्हणजे ड्रम तापला की तो फुगून शूपासून दूर पळतो आणि अर्धवट लागलेला ब्रेक आपोआप सैल होतो. ड्रम जणू स्वतःची सुटका करून घेतो. ऐकायला बरं वाटतं, पण याच कारणाने ऐनवेळी ब्रेकचा पाय खोल जातो. आणि तापलेल्या ड्रमवर हँडब्रेक ओढून गाडी उभी केलीत, तर थंड होताना ड्रम आकसून शूंना असा आवळतो, की सकाळी ब्रेक सुटता सुटत नाही.

मागे डिस्क असेल, तर नेमकं उलटं! तिथे पॅड डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. तापलेली डिस्क जाड झालेली असते, तिच्यावर हँडब्रेक घट्ट बसल्यासारखा वाटतो. तुम्ही खाली उतरता, चहा घेता, डिस्क थंड होते, बारीक होते आणि चिमटा सैल पडतो. उतारावर लावलेली गाडी, आसपास कोणी नसताना, हलू लागते. म्हणून इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेकच्या बऱ्याच गाड्या थांबल्यानंतर काही मिनिटांनी आपण होऊन ब्रेक पुन्हा एकदा आवळतात. बंद गाडीतून मधेच ‘कुर्रर्र’ आवाज आला तर दचकू नका, यंत्र आकसलेल्या डिस्कचा हिशेब पुरा करतंय.

किती तापलं होतं, याची साक्षही धातूच देतो. तापलेल्या लोखंडावर ऑक्साइडचा पातळ पापुद्रा धरतो. सव्वादोनशे अंशांच्या आसपास तो पिवळसर दिसतो, मग जांभळट, आणि तीनशेच्या आसपास निळा. त्यात रंगद्रव्य काहीच नाही. पापुद्र्याच्या वरून आणि खालून परतलेला प्रकाश एकमेकांत मिसळून हे रंग होतात. पापुद्रा जाडावतो तसा रंग बदलतो. मेकॅनिक निळी पडलेली डिस्क पाहून ‘तापलीय गाडी’ म्हणतो, तेव्हा तो थर्मामीटरच वाचत असतो. आणखी वर, ५२५ अंशांच्या सुमाराला, कुठलाही घन पदार्थ अंधारात मंद लाल दिसू लागतो. लोखंड असो वा दगड, आकडा तोच. जॉन ड्रेपरने १८४७ मध्ये तो नोंदवला.

इथवर सगळं मागच्या चाकांपुरतं होतं. आता खरा धोका. ड्रम ब्रेकच्या बहुतेक गाड्यांत हँडब्रेक आणि पायाचा ब्रेक तेच शू वापरतात. त्या शूंना ढकलणारा सिलिंडर तिथेच, त्याच भट्टीत बसलेला असतो आणि त्यात भरलेलं असतं ब्रेक ऑइल. हे ऑइल हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ३ प्रतीचं नवंकोरं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये, ओल मुरलेलं मात्र १४० ला उकळलं तरी नियमात बसतं. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५. आपल्या कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ओल मुरायला काय उशीर! ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. तुम्ही पायाने दाबता, बुडबुडे आकसतात, शूपर्यंत काही पोचत नाही. पार्किंगसाठी लावलेला ब्रेक विसरलात आणि चालवायचा ब्रेक गमावलात!

हाच हिशेब घाटात उघड्यावर येतो. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची सुटते. बाराशे किलोच्या गाडीला त्यातून पासष्ट लाख जूल ऊर्जा मिळते. ताशी साठच्या वेगातून एकदा पूर्ण थांबायला लागते दीड-पावणेदोन लाख जूल. म्हणजे घाट नुसता ब्रेकवर उतरणं हे जवळजवळ चाळीस वेळा करकचून थांबण्यासारखं. पंचवीस टनांच्या ट्रकचं गणित केलं, तर त्या उष्णतेत चारशे लिटर पाणी उकळेल! जुने ड्रायव्हर सांगतात, ज्या गिअरवर घाट चढलास त्याच गिअरवर उतर. त्यामागे हेच आहे. खालच्या गिअरमध्ये इंजिन गाडीला मागे धरतं आणि उष्णतेचा मोठा वाटा रेडिएटर आणि सायलेन्सरमधून हवेत जातो. न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्याने हा वाटेकरी घालवलेला असतो, सगळा बोजा लायनरवर.

मोठ्या ट्रक-बसमध्ये तर पार्किंग ब्रेक उलटाच चालतो. तिथे जबरदस्त स्प्रिंग ब्रेक कायम लावायला टपलेली असते आणि हवेचा दाब तिला मागे रोखून धरतो. हवा गेली की ब्रेक लागतो, म्हणून बिघाड झाला तरी गाडी सुटत नाही. पण हवा पुरती न जाता हळूहळू गळत राहिली, तर स्प्रिंग अर्धवट पुढे सरकते. ड्रायव्हरने काहीही विसरलेलं नसतं, तरी ब्रेक घासत राहतो. रेल्वेत यासारख्याच प्रकाराला ‘ब्रेक बाइंडिंग’ म्हणतात. डब्याच्या चाकाशी धूर दिसतो तो बऱ्याचदा याचाच.

या सगळ्यात वाया गेलेली ऊर्जा परत मिळवता येईल का? येते! इलेक्ट्रिक गाडीत वेग कमी करताना मोटरच जनित्र होते आणि वीज बॅटरीत जाते. मुंबईच्या नव्या लोकल ब्रेक लावताना तारेत वीज परत सोडतात. फक्त लायनरला घासून झालेली उष्णता मात्र कायमची गेली.

तेव्हा काही गोष्टी ध्यानात असू द्या. डॅशबोर्डवरचा लाल दिवा हँडब्रेकच्या बाबतीत फक्त दांडा खाली आहे की वर, एवढंच ओळखतो. केबल गंजून अडकली असेल तर दिवा विझलेला आणि ब्रेक लागलेला, असंही होतं. म्हणून सपाट रस्त्यावर ॲक्सिलरेटर सोडल्यावर गाडी मोकळी घरंगळते का, हे पाहा. जळका वास आला, की सुरक्षित जागी सपाटीवर थांबा. ड्रमला हात लावू नका, पाणी ओतू नका. तापलेलं बीड गार पाण्याने तडकू शकतं. हँडब्रेक पुन्हा लावू नका. गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकाखाली दगड लावा आणि पुरती निवू द्या. मग पुढे हळू जाऊन पायाचा ब्रेक तपासा. पाय खोल जात असेल तर गाडी चालवूच नका, मेकॅनिकला बोलवा. धूर निघाला असेल तर लायनर, सिलिंडरची रबरं आणि ब्रेक ऑइल पाहून घेतल्याशिवाय घाटात शिरू नका. आणि पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असेल, तर सपाट जागी गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावा. हँडब्रेकला तेवढे दिवस सुट्टी द्या.